बारा नंबरकडचे पाहुणे

जिना लाकडी आहे. पायऱ्या मधोमध खोलगट झिजल्यात. आधाराला वरून जाडजूड दोर सोडलाय आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी तो काळा, गुळगुळीत झालाय. दोर धरून तुम्ही चार पायऱ्या चढता न चढता तोच वरून प्रश्न येतो.

"कोण हो? कोणाकडे?"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत काकू उभ्या आहेत. हातात सूप, सुपात रेशनचा तांदूळ. बोटं खडे वेचतायत, पण नजर तांदळावर नाही, तुमच्या पायांतल्या बुटांवर आहे.

बुधवार, १० ऑक्टोबर १९७३. सकाळचे साडेनऊ. ठिकाण गिरगाव. चाळीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. झावबाच्या वाडीपासून फणसवाडीपर्यंत आणि मुगभाटापासून कांदेवाडीपर्यंत ती कुठेही असू शकते. तुम्ही इथे आलात कसे, तेही सोडून द्या. कालप्रवासाच्या गोष्टींतला प्रवासी गर्दीत मिसळून जातो, कोपऱ्यात उभा राहून टिपणं काढतो, आणि कोणी त्याला हटकत नाही. त्या गोष्टी लिहिणारे चाळीत राहिलेले नसावेत. इथे पोस्टमन, कल्हईवाला, बोहारीण, कोळीण, रद्दीवाला, मालकाचा भाडं वसूल करणारा मेहता, सगळ्यांची पावलं जिन्यावरून ओळखू येतात. तुम्ही त्यांच्यापैकी नाही, तेव्हा तुम्ही कोणाचे तरी पाहुणे असणार. कोणाचाच नसलेला माणूस या जिन्यात संभवत नाही.

तोंडाला येईल तो आकडा तुम्ही सांगून टाकता. "बारा नंबर."

काकूंची बोटं सुपात थांबतात. "वहिनी तर केव्हाच हापिसात गेल्या. नागपूरहून आलात का?"

तुम्ही मान हलवता. ती होकाराची होती की गोंधळाची, हे तुमचं तुम्हालाच नीट सांगता येणार नाही. काकूंचा निर्णय मात्र झालाय. गॅलरीच्या टोकाला लुगड्याचा ओचा खोचून बसलेल्या अक्का तिथूनच विचारतात, "कोण गो?"

"बारा नंबरकडचे. नागपूरहून आलेत."

"अगो बाई!"

या 'अगो बाई'त काय काय भरलंय ते तुम्हाला दुपारी कळेल.

काकू तुम्हाला आपल्या खोलीत नेतात. दहा बाय बाराची खोली, आत स्वयंपाकाची तेवढीच अरुंद जागा, तिच्या कोपऱ्यात मोरी, मोरीत पाण्याचं पिंप. वर पोटमाळा, त्यावर गाद्यांच्या वळकट्या आणि गणपतीच्या मखराचा पुठ्ठा. भिंतीतल्या कपाटावर रेडिओ, त्यावर क्रोशाचा रुमाल. या रेडिओला सरकारचा परवाना लागतो आणि त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागतात; ते पुस्तक रेशनकार्डाशेजारीच ठेवलेलं आहे. खोलीला दार आहे, पण दिवसा ते लावायची रीत नाही. दिवसाढवळ्या दार लावलं की शेजारी विचारायला येतात, बरं नाही का म्हणून.

"चहा गुळाचा आहे हं," काकू सांगतात. "साखर संपली. रेशनची अजून यायची आहे."

गुळाचा चहा उकळताना दूध नासेल की काय याकडे त्यांचं लक्ष असतं. दूधही जपूनच घालतात. पहाटे आरेच्या केंद्रावर कार्ड दाखवून मिळालेल्या काचेच्या बाटल्या, वर पातळ पत्र्याचं बूच. कार्डावर असेल तेवढंच दूध. घरी पाहुणा आला म्हणून केंद्रावरची बाई एक बाटली जास्त देत नाही. तेव्हा तुमच्या कपात आलेलं दूध हे कोणाच्या तरी दुपारच्या चहातलं आहे, एवढं लक्षात ठेवून प्या.

कप खाली ठेवेपर्यंत एक पोरगा जिन्यावरून धडधडत येतो आणि गॅलरीभर ओरडत जातो. "रॉकेल आलं! रॉकेल आलं!"

ही बातमी कशी पसरते ते मोठं बघण्यासारखं आहे. दुकानदार फलक लावत नाही. लावला असता तर दुकान फुटलं असतं. दुकानातला हमाल शेजारच्या पानवाल्याला बोलतो. पानवाल्याकडे सुटी सिगारेट घ्यायला आलेला कॉलेजातला मुलगा खालूनच आईला हाक मारतो. आई गॅलरीतून समोरच्या चाळीतल्या बहिणीला खूण करते. पाच मिनिटांत दोन चाळी, सहा गॅलऱ्या आणि शंभरेक डबे हलू लागतात. दुपारच्या गप्पांना नावं ठेवणारे पुरुष रात्री ज्या स्टोव्हवरची गरम भाकरी खातात, त्या स्टोव्हातलं रॉकेल या गप्पांतूनच घरात आलेलं असतं. गॅससाठी नाव नोंदवून बरेच जण बसलेत. नंबर लागेल तेव्हा लागेल.

काकू तुमच्या हातात दोन डबे देतात. "हा आमचा, हा वहिनींचा. त्यांना कुठला वेळ मिळतो रांगेत उभं राहायला? कार्डं आमच्याकडेच ठेवून जातात."

तुम्ही पाकीट काढायला जाता आणि हात तसाच मागे घेता. आतली जांभळट शंभराची नोट २०१८ सालानंतरची आहे. काकूंना तुमचा हात दिसतो. "राहू द्या, राहू द्या. पैसे मी वहिनींकडून घेईन नंतर."

रांग पाहून तुम्ही चक्रावता, कारण तिच्यात माणसं कमी आहेत. डबे आहेत, कॅन आहेत, बरण्या आहेत, एक वीट आहे, दोरीचा तुकडा बांधलेला दगड आहे. प्रत्येक वस्तू म्हणजे एक कुटुंब. कुटुंबाचा माणूस पलीकडे सावलीत उभा राहून बोलतोय आणि दगड त्याची जागा राखतोय. दगड हलवला तर मारामारी होते. माणसाला मात्र कोणीही ढकलावं.

सावलीत नाना आहेत. महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले, धोतर, काळी टोपी, काखेत 'नवाकाळ'. तो छापतात तो छापखाना इथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे त्यातली बातमी नानांना घरची वाटते. आजची बातमी दूरची आहे. शनिवारी इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केलाय.

"त्यांच्या लढाईचं आपल्याला काय?" टेरिकॉटच्या पँटीतला एक जण म्हणतो.

"कसं काय? तेल त्यांचंच ना?" नाना म्हणतात, पण पुढे काही सांगता येत नाही म्हणून पेपराची घडी उलटी करतात.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. आठवड्याभरात अरब देश तेल रोखतील, आणि नवं साल उजाडेपर्यंत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरांवरून साडेअकरा डॉलरांच्या वर गेलेला असेल. आज ज्या रांगेला सगळे शिव्या घालतायत ती पुढच्या वर्षीच्या मानाने आखूड आहे. सांगून पाहायचा मोह होतो. पण सांगून काय होणार? फार तर उद्या रांगेत दगड दुप्पट होतील.

रांग पुढे सरकत नाही तशा गप्पा सरकत जातात. एप्रिलात सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला तेव्हापासून बाजारातला गहू कुठे गेला, यावर रांगेत तीन मतं आहेत आणि तिन्हींत दुकानदार चोर आहे. गेल्या दुष्काळात रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या तांबड्या मिलोची आठवण निघते. "थापायला घ्यावी तर भाकरी चिरते, खावी तर घशाखाली उतरत नाही," एक बाई सांगते, आणि लगेच पुढे, "पण तेव्हा तेवढी तरी मिळाली." यंदा पाऊस बरा झाला, तरी भाव उतरले नाहीत. याचं कारण विचारलं की सगळे एकदम बोलतात.

वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही ही तक्रार निघताच नाना खुलतात. हा त्यांचा प्रांत. "तानसा १८९२. मोडकसागर १९५७. आता वरच्या वैतरणेचं आलंय. धरणं झाली हो, पण तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवायचं कोणी? पाइप कुठल्या सालचे आहेत माहितीय?" त्यांना ठाऊक असतं, ते सांगतातही, पण तोवर विषय क्रिकेटवर, वाडेकरवर गेलेला असतो. ७१ साली वेस्ट इंडीजमध्ये जिंकलो, इंग्लंडमध्ये जिंकलो, यंदा इंग्लंडवाले इथे आले आणि हरून गेले. "आता पुढच्या उन्हाळ्यात परत त्यांच्या घरात जाऊन हाणायचं," टेरिकॉटवाला म्हणतो. गावसकर चिखलवाडीचा, म्हणजे जवळजवळ आपलाच पोरगा, त्यामुळे विजय मोहल्ल्यातच झाल्यासारखा. पुढच्या जूनमध्ये लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत आटोपणार आहे. हेही तुम्ही गिळता. इतका आनंदी माणूस रॉकेलच्या रांगेत वारंवार दिसत नाही.

माप मिळतं. कार्डावर शिक्का पडतो. रॉकेलचा वास हाताला लागतो आणि दिवसभर जात नाही.

दुपारी जेवणं आटोपली की गॅलरी भरते. पुरुष कामावर गेलेले, पोरं शाळेत. अक्का जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बोहारणीशी भांडतायत: तीन साड्या आणि एक कोट, बदल्यात स्टीलचं पातेलं. बोहारीण कोटाचं अस्तर उलटून बघते. "अस्तर फाटलंय, आजी." "फाटलं नाही, उसवलंय." पातेलं मिळतं, पण झाकणाशिवाय. ते झाकण पुढच्या खेपेचं बोलणं म्हणून राखून ठेवलेलं आहे. दोघींनाही ठाऊक आहे.

तुम्हाला निवडायला मसुरीचं ताट मिळालंय. पाहुण्याला काम दिलं म्हणजे तो घरचा झाला, आणि घरच्यासमोर काहीही बोलायला हरकत नसते. पण तुमच्यासमोर सगळं बोलत नाहीत, कारण तुम्ही नागपूरचे आहात.

हळूहळू तुकडे जुळतात. बारा नंबरचे यजमान सात महिन्यांपूर्वी नागपूरला गेले. बदली झाली, असं वहिनी सांगतात. अक्कांचं म्हणणं, बदली झाली असती तर बायको-पोराला नेलं असतं. त्यावर दुसरी म्हणते, वहिनींची टेलिफोनमधली नोकरी पक्की, ती कोण सोडेल? मुलाला तात्पुरतं पार्ल्याला आजीकडे ठेवलंय. गणपतीत यजमान आले नाहीत. पोस्टमन पत्र किती दिवसांनी टाकतो हे काकूंनी मोजलेलं आहे. आणि परवा वहिनी कोणाशी तरी 'ओनरशिप'विषयी बोलत होत्या, डोंबिवलीच्या.

'ओनरशिप' हा या गॅलरीतला सध्याचा परवलीचा शब्द आहे. कोणी बोरिवलीला ब्लॉक बघून आलंय, कोणी मुलुंडला. दोन खोल्या, आतच संडास, आतच मोरी. "आम्ही नाही बाई गिरगाव सोडणार," प्रत्येकजण म्हणते आणि मग विचारते, "तिथे पाणी किती वाजता येतं?" इथे भाडं इतकं कमी आहे की ते सांगायला लाज वाटते. १९४७च्या भाडे कायद्याने ते १९४०च्या पातळीवर बांधून ठेवलंय. म्हणून मालक दुरुस्तीला एक वीटही लावत नाही, भाडेकरू हलत नाही, आणि खोली बदलायची झाली की पागडी हातावर पडते, जिची पावती कोणी मागत नाही. तुमच्या डोक्यावरची तुळई बघा. तिला खालून खांबाचा टेकू दिलाय. टेकूवर पोरांनी खडूने विकेट काढलीय.

सहा नंबरची मुलगी कॉलेजातून लवकर येते, गॅलरीतून खोलीपर्यंत जाताना मान खाली. ती गेल्यावर आवाज खाली येतात. कोणी तरी तिला 'बॉबी'च्या थेटरातून बाहेर पडताना पाहिलं. सिनेमा लागून दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत. एकटी होती की नाही यावर साक्षी वेगवेगळ्या आहेत. "ठिपक्यांचा ब्लाऊज शिवायला टाकलाय म्हणे," अक्का म्हणतात आणि हा जणू पुरावा.

चाळीच्या आठवणी लिहिणारे इथे सहसा हसून पुढे जातात. तसं करू नका. या मुलीच्या लग्नाची बोलणी पुढे कधी तरी चालू होतील, तेव्हा मुलाकडची माणसं चौकशीला येतील. ती थेट तिच्या आईबापांकडे जाणार नाहीत, या गॅलरीत येतील. आणि त्या दिवशी अक्कांना काय आठवेल, यावर बरंच काही ठरेल. रॉकेलची बातमी घरोघर पोचवणारी हीच गॅलरी, तेवढ्याच निष्ठेने हीही पोचवते. एक हवी नि दुसरी नको असं तिला सांगता येत नाही.

आणि तिला काय ठाऊक नसतं तेही बघा. अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात महागाई भत्ता कितीने वाढणार, कोणाच्या सासूला कुठलं औषध लागू पडतं, तिसऱ्या मजल्यावर रात्री कोण खोकतं, हे तिला तोंडपाठ आहे. आता विचारा, रोज पहाटे मागच्या बोळातून येऊन मजल्याचे संडास धुणाऱ्या माणसाचं नाव काय. काकू क्षणभर विचार करतात. "तो होय? तो येतो की."

चारला विषय मोर्चाकडे वळतो. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते: कोणी समाजवादी, कोणी कम्युनिस्ट, एरवी एकमेकींच्या पक्षाला शिव्या घालणाऱ्या. महागाईविरुद्ध त्यांनी गेल्या वर्षी एकत्र समिती काढली, आणि तेव्हापासून बायका हातात लाटणी घेऊन मंत्र्यांच्या दारात उभ्या राहू लागल्यात. गोरेगावला पाणी मागून मागून मृणालताईंचं नाव 'पाणीवाली बाई' पडलंय. गॅलरीत या सगळ्याचा हिशेब पक्षाने होत नाही.

"लाटणं घेऊन जायचं तर कुठलं न्यायचं?" एक तरुण सून विचारते. "नवं की जुनं?"

"जुनं ने. पोलिसाने ओढून घेतलं तर?"

"घेऊ दे ओढून. चौकीत पोळ्या लाटतील," अक्का म्हणतात. गॅलरी मोठ्याने हसते. अक्कांचं वय सत्तरीचं असेल. 'बॉबी'च्या थेटरातल्या मुलीवर करडी नजर ठेवणाऱ्या याच अक्का गेल्या मोर्चात सर्वांत पुढे होत्या, हे काकू तुमच्या कानात सांगतात. माणसं अशी एका खणात ठेवता येत नाहीत, चाळीत तर अजिबात नाही.

साडेसहाला बारा नंबरच्या वहिनी येतात. त्या चर्नी रोडला उतरून, भाजी घेऊन, खालच्या दारात पाऊल टाकतात तेव्हा तुम्ही त्यांना वरून पाहता. दाराशी एक जण त्यांना काहीतरी सांगतो. पहिल्या वळणावर दुसरी थांबवते. जिना चढेपर्यंत त्यांना तुमचं सगळं कळलेलं असतं: नागपूरहून आलात, गुळाचा चहा घेतलात, त्यांचा रॉकेलचा डबा भरून आणलात, मसूर निवडायची सवय दिसत नाही.

त्या गॅलरीत येतात. तुम्हाला आयुष्यात प्रथम पाहतात. गॅलरी हातांनी भाज्या चिरतेय आणि कानांनी दुसरंच काही.

'मी यांना ओळखत नाही' असं म्हणणं त्यांना शक्य आहे. पण मग कोण होते, कशासाठी आले होते, त्यांनाच कसं विचारलं, हे या गॅलरीला दिवाळीपर्यंत पुरेल. वहिनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतात.

"आलात का? मी म्हटलंच होतं पत्रात, कोणाला तरी पाठवा म्हणून." मग गॅलरीकडे वळून, सहज, "ह्यांच्या ऑफिसातले आहेत."

'पत्रात' हा शब्द त्या जरा स्पष्ट उच्चारतात. गॅलरी तो नीट उचलते.

आत गेल्यावर वहिनी स्टोव्हला पंप मारतात. आवाज मोठा होतो तेव्हा बोलतात, पाठ तुमच्याकडेच ठेवून. "तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. विचारत नाही. आता आलाच आहात तर रात्री चाळीची सभा आहे, तोपर्यंत थांबा. कोणी विचारलं तर सांगा, त्यांची तब्येत ठीक आहे. पुढच्या महिन्यात येणार आहेत."

"येणार आहेत ना?" तुम्ही विचारता.

त्या स्टोव्हची पिन शोधू लागतात.

सभा आठची होती ती नऊवर गेलीय, कारण बुधवार आहे. आठ ते नऊ रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, आणि त्या तासात चाळ जळाली तरी तरुण मंडळी जागची हलणार नाहीत. गॅलरीतून चालत गेलात तर अमीन सायानींचं एक वाक्यही चुकत नाही. एका खोलीत सुरू होतं, पुढच्या खोलीत पुरं होतं. नऊ वाजता खालच्या चौकात सतरंज्या पडतात.

पहिला विषय दुरुस्तीचा. ६९ साली कायदा झाला, इमारत दुरुस्तीचं मंडळ आलं, आपण कराबरोबर त्याचा उपकरही भरतो, मग टेकू किती वर्षं राहणार? अर्ज कुठे अडलाय हे नाना सांगतात. अर्जावर पुन्हा सह्या घ्यायचं ठरतं. दर सभेत हे ठरतं.

दुसरा विषय टेलिव्हिजनचा, आणि तो कागदावर नव्हता. मुंबईत दूरदर्शन सुरू होऊन गेल्या आठवड्यात वर्ष झालं. चाळीत एकच संच आहे, दुसऱ्या मजल्यावर. रविवारी संध्याकाळच्या सिनेमाला तिथे चपलांचा ढीग पडायचा. गेले दोन रविवार त्यांनी दार लावून घेतलं. "आमच्या पोरांनी काय पाप केलंय?" असा सूर निघतो. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ खाली मान घालून सांगतात की गेल्या वेळी खोलीत मोजून बत्तीस जण होते आणि त्यांच्या वडिलांना गॅलरीत झोपावं लागलं. मला विचाराल तर माझं मत त्यांच्या बाजूने पडलं असतं. सभेचं पडत नाही.

तिसरा विषय कोजागिरी. तोंडावर आलीय. मसाला दूध दरसाल होतं, पण आरेच्या कार्डावर जादा दूध मिळायचं नाही, आणि बाहेरून भय्याकडून घ्यायचं तर भाव ऐकून सतरंजीवर उसासे उमटतात. दुधाची पावडर मिसळावी, अशी सूचना येते. फक्त मुलांना द्यावं, अशी दुसरी. कॉलेजातला एक जण उठतो, "दुधाऐवजी भेळ करू या."

"कोजागिरीला भेळ?" नाना उभेच राहतात. "चंद्राला दाखवायची काय, चिंचेची चटणी?"

बराच हशा, थोडं भांडण. शेवटी घरटी अर्धी बाटली दूध, वर पावडर, आणि कमी पडलं तर भेळ, असा तोडगा निघतो. प्रत्येक खोलीमागे दोन रुपये, पाहुण्यामागे एक. खजिनदार लांबट वही उघडतात आणि खोल्या वाचत जातात. "अकरा." "भरले." "बारा."

वहिनी पदराच्या गाठीतून दोन रुपये काढून देतात.

"आणि पाहुण्यांचा एक," खजिनदार म्हणतात.

"पाहुण्यांकडून कसली वर्गणी घेता?" काकू मध्ये पडतात. "त्यांनी आज दोन डबे रॉकेल वाहून आणलंय."

"वहीत लिहायला लागतं हो. बरं, येणे बाकी म्हणून लिहितो."

"बाकी कशाला?" वहिनी पटकन म्हणतात. "ह्यांची मनिऑर्डर आली की त्यातून देईन."

चौकात जरा शांतता होते. सहा नंबरची मुलगीसुद्धा मान वर करते.

"मनिऑर्डर येते का?" अक्का अगदी मवाळ आवाजात विचारतात. "कधी येते गो?"

वहिनी तोंड उघडतात. त्याआधी तुमच्याच तोंडून शब्द निघून जातो. "दर महिन्याच्या सात तारखेला."

मदत करायला गेलात. पण आज दहा तारीख आहे, आणि या चाळीत पोस्टमनची पायरी न् पायरी मोजणारी एक बाई तुमच्या शेजारीच बसलीय.

"सात तर रविवार होता," काकू म्हणतात. "आणि सोमवारी पोस्टमन आला तो फक्त विम्याचं पाकीट टाकून गेला. मी होते ना."

वहिनींचा चेहरा जराही बदलत नाही. टेलिफोनमध्ये दिवसभर शांत आवाजात 'लाइन व्यस्त आहे' सांगायची सवय असेल.

"या महिन्याची टपालाने नाही पाठवली त्यांनी," त्या म्हणतात. "ह्यांच्याच हाती दिलीय."

खजिनदार वहीवर पेन्सिल धरून थांबतात. नाना टोपी सारखी करतात. सतरंजीवरची सगळी चाळ तुमच्या खिशाकडे बघू लागते.